आम्ही कोपरे कापायचो

मला इंग्रजी येत नाही, असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे. ते खरं नाही. फळीची जाडी, खिळ्याची लांबी, ट्रकमध्ये किती थर बसतील, माल कधी उचलणार, आणि समोरच्यानं ‘लास्ट’ म्हटलं की ते खरंच लास्ट आहे की अजून जागा आहे, हे सगळं मी उभं आयुष्य इंग्रजीत बोलत आलो. माझी वखार ज्या इंग्रजीनं बुडवली ती वेगळी होती. त्यातले शब्द सगळे ओळखीचे असतात. आपण त्यांना ओळखलं म्हणून हात पुढं करतो, आणि ते आपल्याला ओळखत नाहीत.

पहिला फटका मला शहराबाहेर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बसला. तिथं नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि मी लाकडी पॅलेटची ऑर्डर मागायला गेलो होतो. पॅलेट म्हणजे माल रचायचा लाकडी पाट. त्याच्या पोटात मोकळी जागा असते, तिच्यात फोर्कलिफ्टचे दात जातात आणि अख्खा ढीग उचलला जातो. परचेसचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. बरीच घासाघीस झाल्यावर म्हणाले, “काका, ॲट द एंड ऑफ द डे, ऑर्डर तुम्हालाच.” मला प्रत्येक शब्द कळला. दिवस संपताना ऑर्डर मिळणार. मी गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसलो. पाळी सुटली, बसा भरून गेल्या, दिवे लागले. गेटवरचा वॉचमन शेंद्र्याचाच होता, त्याचं रान याच कंपनीखाली गेलं होतं. तो जवळ आला.

“पाव्हणं, काय राह्यलंय तुमचं?”

“साहेब दिवस संपल्यावर ऑर्डर देणार हायेत.”

“कोनते साहेब? त्ये तर मागल्या गेटनं कवाच गेले. जावा घरी. नायतर इथं मलाच हाजरी लावावी लागंल तुमची.”

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, तर त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकं हसू आलं. त्या शब्दांचा दिवसाशी काही संबंध नसतो म्हणे. सगळा विचार करता, शेवटी, असा त्याचा अर्थ. मीही त्यांच्याबरोबर हसलो. सौद्यात स्वतःवर हसायला काही पडत नाही, समोरचा मोकळा होतो. ऑर्डर मिळाली. घरी येऊन मात्र मी बायकोवर, वखारीतल्या माणसांवर, दारात उभ्या असलेल्या रिक्षावाल्यावरसुद्धा ओरडलो.

पुढं असले शब्द येतच राहिले. माल उशिरा गेला तेव्हा साहेब म्हणाले, “पुल अप युवर सॉक्स.” माझ्या पायात चपला होत्या. एकदा म्हणाले, “नाऊ द बॉल इज इन युवर कोर्ट.” कोर्ट ऐकलं आणि माझा पारा चढला. “कोर्टात जायचं असंल तर जाऊ,” मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “मला धमकी नका देऊ.” बिचाऱ्यांनी हवेत बॅट फिरवून दाखवली. टेनिसचं मैदान, चेंडू तुमच्या बाजूला, म्हणजे आता उत्तर तुम्ही द्यायचं. आणखी एकदा एका मीटिंगमध्ये मी काही बोललो, ते त्यांना पटलं, तर म्हणाले, “यू हॅव हिट द नेल ऑन द हेड.” ते मी आनंदानं वखारीत येऊन मिस्त्रींना सांगितलं. साहेब म्हणतात, आपले खिळे डोक्यावर बरोबर बसतात.

मिस्त्री शहागंजचे. माझ्यापेक्षा थोडे मोठे, तोंडात खिळे धरून बोलायची सवय. त्यांनी खिळे हातात घेतले. “तो और कां बैठेंगे सेठ? पांव पो?”

हे वाचून कुणाला मी अडाणी वाटेन, तर तसं नाही. शब्द एक बोलतो आणि अर्थ दुसरा निघतो हे मला कुणी शिकवायला नको. मी परचेसच्या साहेबांना ‘तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय’ असं म्हटलं, तर ते खाली वाकून पाय बघत नाहीत. गुलमंडीच्या बाजारात एखाद्या व्यापाऱ्यानं हात वर केले म्हणजे तो कवायत करत नाही. पण आपल्या भाषेतला आडवा शब्द आईच्या दुधाबरोबर येतो. त्यांचा आडवा शब्द नुकसान झाल्यावर येतो.

हे आमच्या घरात दुसऱ्यांदा घडत होतं. माझे वडील निजामाच्या राज्यात करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, कारकून होते. घरात मराठी बोलायचे, लिहायचे मात्र उर्दू. त्यांचं अक्षर पाहायला लोक यायचे म्हणे. पोलीस ॲक्शन झाली, पुढं नाकी गेली, कचेऱ्यांची भाषा बदलली आणि वडील एका हंगामात निरक्षर झाले. देवनागरीत स्वतःचं नाव लिहायला त्यांना घाम फुटायचा. गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात ते गठ्ठे उचलायला लागले. मी तिथं त्यांचा डबा घेऊन जायचो. कापड लाकडी खोक्यांतून यायचं, आणि रिकामी खोकी मागच्या बोळात पडून असायची. मी ती मागून घेतली, फोडली, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले, फळ्या वेगळ्या काढल्या आणि विकल्या. माझा धंदा तिथून सुरू झाला. मला कुणी दिलं नाही, कुणी शिकवलं नाही. दुकानाचे मालक मला गंमतीनं खोकेवाला म्हणायचे. पुढं मी त्यांनाच नवी खोकी विकायला लागलो, तेव्हा शेठ म्हणायला लागले.

चिकलठाण्याला कारखाने आले तशी जागा घेतली, करवतीचं मशीन बसवलं. मोठं मशीन, फिरत्या पट्ट्याचं. सुरू झालं की शेजारच्या टपरीवरच्या कपबशा वाजायच्या. मग शेंद्र्याची ती कंपनी लागली आणि तिचं काम इतकं वाढलं की बाकीची गिऱ्हाइकं मी हळूहळू सोडून दिली. चूक म्हणा की हुशारी, त्या वेळी सगळे तेच करत होते. वखारीतलं जवळजवळ सगळं लाकूड त्या एका गेटातून आत जात होतं. ते गेट बंद झालं असतं तर वखारही बंद. हे मला ठाऊक होतं, मिस्त्रींना ठाऊक होतं आणि माझ्या मुलालाही.

मुलाला मी इंग्रजी शाळेत घातलं होतं, ते याच दिवसासाठी. वडिलांची उर्दू गेली, माझी मराठी गेटपाशीच थांबते, निदान याची भाषा तरी आतपर्यंत जाईल. तो इंजिनियर झाला, इंग्रजीत फोनवर हसायला लागला. इंग्रजीत हसणारा माणूस माझ्या घरातला आहे याचा मला कोण अभिमान. त्याला मी मीटिंगांना बरोबर न्यायला लागलो.

पण सौद्याचा एक दस्तूर असतो. एका बाजूनं एकच तोंड बोलतं. दुसरं तोंड उघडलं की समोरचा त्या फटीत बोट घालतो. चिकलठाण्याला अजून टिकून असलेल्या एका गिऱ्हाइकाकडं भावाची बोलणी चालू होती. मी दर धरून बसलो होतो आणि हा मधेच म्हणाला, “अण्णा, थोडं कमी करायला हरकत नाही.” माझं डोकं फिरलं. तिथंच, चार माणसांसमोर, मी त्याला म्हणालो, “बाहेर पायरीवर जाऊन बस. आणि पुन्हा मी बोलत असताना तोंड उघडायचं नाय.” तो गेला. गाडीत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, शिकला.

आता कोपऱ्यांचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

पॅलेटवर माल रचला की त्याला प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यानं गुंडाळतात. पॅलेटचे कोपरे टोकदार असले की ते प्लास्टिक फाटतं, वाहतुकीत माल सुटतो, आणि उचलणाऱ्याच्या पोटऱ्याही सोलून निघतात. हे मी कंपनीच्या स्टोअरमध्ये उभं राहून पाहिलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आणि मिस्त्रींनी बसून ठरवलं की प्रत्येक पॅलेटचे चारही कोपरे तिरके कापायचे. काम वाढलं. प्रत्येक पॅलेट पुन्हा मशीनवर न्यायचा, चारदा फिरवायचा. मिस्त्री कुरकुरायचे, “सेठ, पैसा एक कोने का भी नै मिलता, और काटना चारों.” तरी आम्ही कापले. स्टोअरचे लोक खूश होते. तिथल्या हमालानं मला एकदा पोटरी दाखवून सांगितलं, आता सोलत नाय. त्या कोपऱ्यांवर माझी ऑर्डर टिकली होती असं मी मानायचो, आजही मानतो. दुसरा कुणी ती मेहनत करत नव्हता.

गोड बोलणारे साहेब बदलून गुजरातेत गेले. नवे आले ते काचेच्या खोलीतून खाली न उतरणारे. त्यातच परदेशात गेलेल्या मालातले काही पॅलेट बोटीत मोडले, यंत्रांचे भाग खराब झाले. कंपनी आणखी एकाकडूनही पॅलेट घ्यायची, मोडलेले कुणाचे ते कुणालाच सांगता येईना. बाहेरच्या मूळ कंपनीचे परदेशी साहेब चौकशीला आले. वेरूळ बघून आले होते, चेहरा उन्हानं लाल झाला होता, आणि डोंगर वरून खाली कोरत आणला यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी आधी तेच बोलून घेतलं. मला माणूस आवडला. कामाची कदर असलेला वाटला.

खोलीत ते, नवे परचेस साहेब, मी आणि माझा मुलगा. थोडी इकडची तिकडची चौकशी झाली. लाकूड कुठलं, सुकवता कसं. मी सगळी उत्तरं दिली. मग ते पुढं झुकले आणि म्हणाले, “टेल मी फ्रँकली. डू युवर पीपल कट कॉर्नर्स?”

मला बरं वाटलं. इतक्या दुरून आलेल्या माणसाच्या नजरेत आमचे कोपरे भरले होते.

“येस सर,” मी म्हणालो. “ऑल कॉर्नर्स. एव्हरी पॅलेट.”

त्यांनी वही पुढं ओढली. “एव्हरी पॅलेट?”

“येस सर. फ्रॉम बिगिनिंग. माय ओन आयडिया.”

“अँड नोबडी हिअर ऑब्जेक्टेड?”

“नो सर. स्टोअर पीपल व्हेरी हॅपी.”

परचेस साहेबांनी माझ्या मुलाकडं पाहिलं. मुलगा टेबलाकडं बघत होता. परदेशी साहेब मागं टेकले आणि म्हणाले, “वेल, थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट.” मला आणखी सांगायचं होतं, प्लास्टिकचं, हमालांच्या पोटऱ्यांचं. पण गिऱ्हाईक खूश झालं की पुढं एक शब्द बोलायचा नसतो, नाहीतर झालेला सौदा उसवतो. मी उठलो, हात मिळवला.

परत येताना गाडी मुलगा चालवत होता. मी म्हणालो, “बघ, कसा खूश झाला. कोपऱ्यांनी काम केलं.”

तो म्हणाला, “हं.”

एवढंच. केंब्रिज चौक आला, सिग्नल लागला, गाडी थांबली, सिग्नल सुटला. त्याला वेळ होता. गाडी मागं वळवता आली असती. साहेब अजून तिथंच, त्याच खोलीत चहा पीत बसले असतील. ‘हं’ म्हणाला आणि गिअर टाकला.

वखारीत आल्यावर मी मिस्त्रींना सांगितलं, साहेबांनी स्वतःहून कोपऱ्यांचं विचारलं. मिस्त्री म्हणाले, “हौ? तो अब कोने का पैसा मांगो.” सगळे हसले. त्या दिवशी वखारीत जिलेबी आणली होती.

आठवडाही झाला नसेल, आमचा भरलेला ट्रक गेटावरून परत आला. माल उतरवून घेतला नव्हता. मी गेलो तर नव्या साहेबांनी मला उभं ठेवून सांगितलं की नवी ऑर्डर नाही, जुनीही थांबवली.

“कारण?” मी विचारलं.

“काका, कारण तुम्हीच दिलंत. कटिंग कॉर्नर्स तुम्ही स्वतः कबूल केलंत. तेही आमच्यासमोर, हसत.”

“कबूल काय करायचं त्यात? आम्ही कापतोच की.”

त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला समजली नाही. निर्लज्ज माणसाकडं बघतात तशी होती, हे नंतर कळलं.

संध्याकाळी जेवताना मी मुलाला विचारलं, “कट कॉर्नर्स म्हंजे काय रं?”

त्यानं ताटातून मान वर केली नाही. “कामात चोरी करणं. पैसा वाचवायला कच्चं काम करायचं, आणि पक्कं म्हणून द्यायचं.”

“यात कोपरा कुठून आला?”

“रस्त्याचा कोपरा. वळसा न घालता मधूनच जायचं, तसं. लाकडाशी त्याचा काही संबंध नाही.”

“तुला तिथं ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग?”

“तुम्ही बोलत होता, अण्णा.”

माझी बायको भाकरी वाढायला वाकली होती, ती तशीच राहिली.

“मी बोलत होतो म्हणून बुडू दिलंस व्हय मला?”

“चिकलठाण्याला मी बोललो तेव्हा कुठं बसवलंत? पायरीवर.”

“ते भावाचं होतं. हे येगळं.”

“कुठलं वेगळं ते मला कसं कळणार?” मग पाणी प्यायला आणि हळू म्हणाला, “आणि मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हाला सगळंच ठाऊक असतं.”

मी ताटावरून उठलो.

लोक मला सांगतात की पोरगा घाबरला असेल. बायको तेच म्हणते. तुमच्या रागापुढं कोण तोंड उघडणार, म्हणते. मला हे मान्य नाही. राग माझा पहिल्यापासून आहे, या रागावरच घर उभं राहिलं, याची इंग्रजी शाळा या रागावरच चालली. गडीमाणसं या रागाशी वाद घालतात. मिस्त्री तर तोंडावर हसतात. बाप खड्ड्याकडं चालला असताना त्याला हाक मारायला परवानगी लागते का? आणि त्याची दोन उत्तरं, पायरीचं आणि ‘तुम्हाला ठाऊक असेल’ हे, मी अनेकदा एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. घाबरला होता की मला ठाऊक आहे असं वाटलं होतं? दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. सौद्यात माणूस दोन कारणं देतो तेव्हा तिसरंच खरं असतं. ते तिसरं मी त्याला अजून विचारलेलं नाही.

दोन दिवसांनी मी कापलेल्या कोपऱ्यांचे तिकोनी तुकडे एका पोत्यात भरले आणि कंपनीत गेलो. नव्या साहेबांच्या टेबलावर पोतं ओतलं. काही तुकडे खाली गेले, त्यांच्या बुटांपर्यंत.

“हे कोपरे,” मी म्हणालो. “हे कापतो आम्ही. चोरी नाय करत. जादा मेहनत करतो. त्या साहेबांना कळवा.”

त्यांनी एक तुकडा उचलला, उलटसुलट केला. त्यांना कळलं. माझं नशीब असं की माणूस वाईट नव्हता. त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं, तेही मी पाहिलं.

“काका, मला समजलं. खरंच सॉरी. पण आता दॅट शिप हॅज सेल्ड.”

“कुठलं जहाज?”

“म्हणजे आता वेळ गेली.”

“मग तसं म्हणा की. इथं कुठं आलाय समुद्र?”

ते ओशाळले. मग मराठीत बोलले, चांगलं स्वच्छ मराठी, सोलापूरकडचं. ते बोलत असताना मला सारखं वाटत होतं, हा माणूस त्या दिवशी असाच बोलला असता तर. म्हणाले, साहेब परत गेले, कागद वर गेले. आता गैरसमज झाला म्हणून सांगितलं तर सारवासारव वाटेल, आणि तीही त्यांच्या अंगाशी येईल. आणि तसंही, ते म्हणाले, कंपनीला प्लास्टिकच्या पॅलेटवर जायचंच होतं. आज ना उद्या.

“मग त्यांनी इचारलं कशाला?”

त्यांनी हातातला तुकडा परत माझ्यासमोर ठेवला. मी तुकडे गोळा केले. खुर्चीखालचे त्यांनीच वाकून काढून दिले.

कंपनी प्लास्टिकवर जाणारच होती, हे माझ्या मुलानंही पकडून ठेवलं. घरात कधी विषय निघाला की तो म्हणतो, “अण्णा, ते जाणारच होतं. तुमच्या बोलण्यानं नाही गेलं.” त्याला वाटतं, यानं मला बरं वाटेल. वखार कशानं गेली हेसुद्धा आता मला नक्की सांगता येत नाही. माझ्या तोंडानं गेली, की त्याच्या गप्प बसण्यानं, की प्लास्टिकनं. चोर सापडला असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

त्या काळात मी इंग्रजीतले असले शब्द ध्यानात ठेवायला लागलो. टीव्हीवर, कंपन्यांमध्ये, मुलाच्या फोनवरच्या बोलण्यात. अर्थ परक्यांना विचारायचो, मुलाला नाही. एखाद्या गोष्टीला मन तयार नसलं की ते म्हणतात, अगेन्स्ट द ग्रेन. हे मला ऐकताक्षणी कळलं. लाकडाच्या रेषेविरुद्ध रंधा मारला की तो अडकतो, लाकूड उसळतं. हा शब्द कुठल्यातरी सुताराच्याच तोंडून निघाला असणार. डोक्यावर बसलेला खिळाही सुताराचाच. तिकडंही कधीतरी माझ्यासारखी, मिस्त्रींसारखी माणसं असतील, भुशानं भरलेली, हातानं बोलणारी. त्यांच्या तोंडचे शब्द शिकलेल्यांनी उचलले, काचेच्या खोल्यांत नेले आणि लाकडाला कधी हात न लावलेली माणसं ते आता आमच्यावर चालवतात. हे मी मिस्त्रींना सांगितलं.

“तो आप भी चलाओ उनपो,” मिस्त्री म्हणाले.

“कुणावर चालवू? आत सोडतंय कोण?”

मी दुसरी गिऱ्हाइकं धरायचा प्रयत्न केला. जुन्यांनी नवे लोक बघितले होते. नव्यांना प्लास्टिक हवं होतं. एका ठिकाणी मी ते प्लास्टिकचे पॅलेट हात लावून पाहिले. निळे, हलके, मोडले तर वितळवून पुन्हा होणारे. त्यांचे कोपरे साच्यातूनच गोल आलेले होते. आमची बारकी गोष्ट कुणीतरी, कुठंतरी, आपोआप करून टाकली होती आणि तिला काही नावही नव्हतं.

माणसं एकेक करून गेली. मिस्त्री शेवटी गेले. त्यांनी हत्यारं कापडात गुंडाळली, चहा प्यायला, म्हणाले, “सेठ, गुस्सा कम करो. पोट्टा पुना जारा बोलके सुना.” मला ठाऊक नव्हतं. मुलाला पुण्यात नोकरी लागली होती आणि ते मिस्त्रींना आधी कळलं होतं. घरी येऊन विचारलं तर तो म्हणाला, सांगणारच होतो, तुमचा मूड बघत होतो.

जायच्या आधीच्या रविवारी तो वखारीत आला. मशीन न्यायला भंगारवाला येणार होता. हा भंगारवाला माझ्या ओळखीचा. कितीदा आम्ही एकमेकांना शिव्या देऊन, अर्ध्या वाटेवरून परत बोलावून सौदे केले होते. त्यानं मशीनभोवती चक्कर मारली, पट्ट्यावर नख ओढलं, चाकाला लाथ मारली, तोंड वाकडं केलं आणि एक आकडा बोलला. ऐकून हसू यावं असा आकडा. मग पाय फाकवून उभा राहिला, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी फळ्यांच्या ढिगावर बसलो होतो. मला बोलायचं होतं. बोलायला काय लागतं, सगळं तोंडात तयार होतं. त्याच्या आकड्याची चेष्टा करायची, मशीन दुसरा नेतोय म्हणून सांगायचं, त्याच्या पोराच्या लग्नाचं विचारायचं, आणि मग पट्ट्यावर हात ठेवून खरा भाव सांगायचा. मी तोंड उघडलं नाही.

भंगारवाला म्हणाला, “क्या सेठ, रोजा है क्या? बोलो कुछ.”

तेव्हा माझा मुलगा पुढं झाला. त्यानं खिशातून हात काढले आणि सौदा करायला लागला. हिंदीत, मधेच इंग्रजीत. “देखो भैया, बी रीझनेबल. मशीन वर्किंग कंडिशन में है.” मशीन चालू आहे हे भंगारवाल्याला आधी सांगायचं नसतं. त्याला भंगार न्यायचंय, चालू मशीन दुसरा कुणी जादा भावानं नेईल ही भीती घालायची असते ती शेवटी. भंगारवाल्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काही दिसलं नाही, तेव्हा तो सुटला. पट्टा झिजलाय, मोटर जुनी, उचलायला क्रेन लागेल, माणसं लागतील. मुलगा एकेक गोष्ट मान्य करत गेला. क्रेन लागत नाही. ते मशीन चार माणसं पाइपावर सरकवत बाहेर काढतात. मी तसंच आणलं होतं.

एका क्षणी मुलगा वळला. “अण्णा?” म्हणाला.

मी भुशाकडं बघत होतो.

तो परत भंगारवाल्याकडं वळला आणि “ठीक है” म्हणाला. भंगारवाल्याला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. तो पुन्हा एकदा मशीनच्या मागं जाऊन कुठं तडा बिडा आहे का ते बघून आला. मग त्यानं आपल्या माणसांना हाक मारली. ते चौघं टेम्पोतून पाइप काढायला लागले.